सफारी गोंदियाची, जमीन कोणाची?

केनियातल्या मासाई मारालगतची संवर्धनक्षेत्रे पाहून आलेली मंडळी हल्ली विचारतात, ‘गावाच्या मालकीचे असे जंगल आपल्याकडे कुठे?’ कोणीतरी चटकन गोंदियाकडच्या नागझिऱ्याचे नाव घेते, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. नागझिरा १९७० पासून अभयारण्य आहे आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग. जमीन सरकारची, परवाना वनविभागाचा. चोरखमारा, मंगेझरीच्या गेटवर भेटणारा गाइड आसपासच्या गावातला असतो. त्याला रोजगार मिळतो, मालकी नाही.

सामूहिक वनहक्क मिळाला म्हणजे जंगल गावाचे झाले, ही दुसरी समजूत. देवरी, अर्जुनी मोरगाव भागातल्या गावांना २००६ च्या वनहक्क कायद्याखाली असे हक्क मिळाले आहेत. त्यानुसार ग्रामसभा जंगल राखते, त्याचे व्यवस्थापन करते, तेंदूपाने आणि मोह गोळा करून विकते. जमीन मात्र तिला विकता येत नाही. म्हणून कोणीही गाडी आत घालावी असेही नाही. तिथले वन्यजीव जपण्याचा अधिकार त्याच कायद्याने ग्रामसभेला दिला आहे. जायचे तर तिला विचारूनच.

मालकी लोकांकडेच ठेवणारी तरतूदही कायद्यात आहे: ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’. २००२ च्या दुरुस्तीने ते वन्यजीव कायद्यात आले. खासगी किंवा सामुदायिक जमिनीवर लोकांनी स्वखुशीने वन्यजीव राखायचे ठरवले, तर सरकार ते जाहीर करू शकते आणि मालकी त्यांचीच राहते. पण मालकी हवीच असेही नाही: नामिबियाच्या ज्या संवर्धनक्षेत्रांचे आपण गोडवे गातो, तिथली जमीन मुळात सरकारची आहे. गावांकडे आहे तो वन्यजीव आणि पर्यटनावरचा हक्क.

गोंदियात खरोखर लोकांच्या जमिनीवर राहणारा प्राणी पाहायचा तर वाघ विसरा, सारस पाहा. राज्यातले बहुतेक सगळे सारस याच जिल्ह्यात आहेत, आणि अलीकडच्या गणनांत त्यांची संख्या पन्नाशीच्या आतच राहिली आहे. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच असलेला हा पक्षी अभयारण्यात राहत असेल, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तो पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा तलावाकाठच्या पाणथळीत घरटे बांधतो. सारस पीक उद्ध्वस्त करतो हा आरोपही अतिशयोक्तच; घरट्यापुरती रोपे जातात, एवढेच. उलट कीटकनाशके, विजेच्या तारा आणि पाणथळींवरची अतिक्रमणे त्याच्या जिवावर उठली आहेत. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने याची स्वतःहून दखल घेतली. त्याच्याही कितीतरी आधीपासून ‘सेवा’ संस्थेचे कार्यकर्ते शेतकऱ्यांच्या साथीने घरटी राखत आले आहेत. माझ्या मते गोंदियातले खरे लोकसंवर्धन ते हेच, त्याला कोणी तसे नाव दिलेले नसले तरी.

इथे गेट नाही, तिकीट नाही, म्हणजे हे मोकळे रान आहे असे मात्र समजू नका. ते कोणाचे तरी शेत आहे. रस्त्यावरूनच दुर्बिणीने पाहा, धुऱ्यावर पाय ठेवण्याआधी मालकाला विचारा, आणि घरट्यावर ड्रोन उडवू नका.