भाताचं पान पिवळं पडलं म्हणजे रोगच का?

पुणे जिल्ह्यातल्या मुळशीत आंबेमोहोर किंवा इंद्रायणी भाताचं पान पिवळं दिसलं की 'रोग पडला' म्हणून फवारणी होते, नाहीतर युरिया फेकला जातो. पण पिवळेपणा हे नुसतं लक्षण आहे. हरितद्रव्य (पानाला हिरवा रंग देणारा घटक) कमी झाल्याचं.

आधी पाहायचं, कुठलं पान पिवळं आहे. नत्र कमी पडलं तर खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात. तंगीत घरातली मोठी माणसं आपल्या ताटातली भाकरी धाकट्यांना देतात, तसं रोप जुन्या पानातलं नत्र कोवळ्या पानाकडे पाठवतं. लोहाचं तसं नाही. ते जागचं हलत नाही. त्यामुळे पावसाने ओढ दिलेल्या कोरड्या रोपवाटिकेत लोह मिळेनासं झालं की नवी पानं पिवळट-पांढरी निघतात. तिथे युरिया कामाचा नाही. हिराकशीची (फेरस सल्फेट) फवारणी लागते.

करपा (बुरशीजन्य रोग) वेगळा ओळखू येतो: दोन्ही टोकं निमुळती असलेले, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी ठिपके. जादा युरियाने तो उलट वाढतो. जिवाणूजन्य करप्यात पान टोकाकडून, कडेने वाळत येतं. असं पान कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरलं, तर थोड्या वेळात कापल्या जागेतून दुधट धार उतरते. बुरशीनाशक इथे वाया जातं.