वखारीतील फोर्कलिफ्ट व पायी चालणारा माणूस

पूर्वी वखारीतील थप्पी हमालाच्या पाठीवरच चढत असे. आता नाशिककडील द्राक्षांची पॅकहाऊसे, तासगावकडील बेदाण्याची शीतगृहे व धान्याची मोठी गोदामे यांतून हे काम फोर्कलिफ्टकडे जात आहे. श्रम वाचतात, मालाची नासधूस टळते. परंतु ज्या वाटेने हे यंत्र धावते त्याच वाटेने हमाल, प्रतवारी करणाऱ्या स्त्रिया व माल घेऊन आलेले शेतकरीही चालतात. अपघाताचे मूळ येथेच आहे.

या यंत्राची रीत मोटारीहून निराळी आहे. त्याची वळणारी चाके मागे असतात; म्हणून पुढचे टोक डावीकडे वळताच मागचा भाग उजवीकडे फेकला जातो व तेथे उभा असलेला माणूस यंत्र आणि भिंत यांमध्ये चिरडला जातो. ओझ्याचा तोल राखण्यासाठी मागे भारी वजन बसविलेले असल्याने अडीच टन उचलणारे यंत्र स्वतःच साधारणतः साडेतीन ते चार टन भरते. ताशी १० किलोमीटर वेगाने ते सेकंदास पावणेतीन मीटर अंतर काटते. चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढे अंतर संपते. पुढे उंच ओझे असेल तर चालकास माणूस दिसतच नाही, आणि विजेवर चालणाऱ्या यंत्राची चाहूल माणसास लागत नाही. शीतगृहाच्या दाराशी जमणारे धुके व ओली फरशी यांनी धोका आणखी वाढतो.

म्हणून केवळ ‘सावध राहा’ असे बजावून भागत नाही. व्यवस्थापकांनी पुढील तजवीज करावी :

१. पायवाट व यंत्राची वाट मजबूत कठड्याने वेगळी करावी. रंगाची रेघ पुरेशी नव्हे. शक्य तेथे दारेही वेगळी ठेवावीत.

२. ओझे जमिनीपासून वीतभराहून उंच ठेवून यंत्र चालवू नये. सपाट जागी ओझ्याने दृष्टी अडल्यास यंत्र मागे पाहून उलट चालवावे.

३. शिकलेल्या चालकाखेरीज कोणासही किल्ली देऊ नये. काट्यांवर माणूस चढवू नये, उचललेल्या ओझ्याखाली कोणी जाऊ नये.

४. शेतकऱ्यांसाठी आवाराबाहेरच्या बाजूस थांबण्याची निश्चित जागा असावी.

कठड्याचा खर्च एकदाच होतो. मोडलेल्या पायाचा भार मात्र हमालाच्या कुटुंबास जन्मभर वाहावा लागतो. सहकारी संस्था व शेतकरी उत्पादक कंपन्यांनी हंगामाची गर्दी सुरू होण्यापूर्वीच ही आखणी पूर्ण करावी.