चकतीपुढची रांग

संगणकावर मोठ्या फाइलची नक्कल चालू असताना दुसरी फाइल उघडून पाहा. कधी कधी ती लवकर उघडत नाही. सेकंदाला कोट्यवधी आकडेमोडी करणारे हे यंत्र कशासाठी खोळंबते?

हार्ड डिस्कची चकती बहुधा मिनिटाला ७२०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचन-शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद जातात. शीर्ष योग्य मार्गावर सरकण्यास आणखी सुमारे ९. तेव्हा विखुरलेल्या विनंत्या सेकंदाला जेमतेम ७५ ते ८० पुऱ्या होतात. बाकीच्या रांगेत उभ्या!

आता रांग कशी हलवावी? समजा, शीर्ष ५० व्या मार्गावर आहे आणि ८२, ४५, ९०, १०, ६० अशा क्रमाने विनंत्या आल्या. त्याच क्रमाने गेल्यास शीर्षाला २४४ मार्ग ओलांडावे लागतात. त्याऐवजी लिफ्टसारखे वागू: आधी वर ६०, ८२, ९०, मग खाली ४५, १०. आता अंतर फक्त १२० मार्ग!

दर वेळी सर्वांत जवळची विनंती घेतली तर? अंतर १३० भरते. शिवाय ६० ते ९० च्या दरम्यान नव्या विनंत्या येतच राहिल्या, तर बिचाऱ्या १० ची पाळी कधी येणार? म्हणून लिनक्स प्रणालीच्या ‘डेडलाइन’ पद्धतीत प्रत्येक विनंतीला मुदत असते. एरवी ठरलेली मूल्ये अशी: वाचनाला अर्धा सेकंद, लेखनाला ५ सेकंद. मुदत उलटलेली विनंती क्रम मोडून पुढे घेतली जाते.

हा पक्षपात का? वाचलेली माहिती हाती आल्याखेरीज प्रोग्रॅमचे पाऊल पुढे पडत नाही. लेखन मात्र तात्पुरते स्मृतीत ठेवून सवडीने चकतीवर उतरवता येते. अर्थात ही उधारी आहे. ती फार साचली की प्रणाली लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाच थांबवून धरते. शिवाय मध्येच वीज गेली, तर स्मृतीत राहिलेला मजकूर नाहीसा होतो. पेन ड्राइव्ह ‘इजेक्ट’ केल्याशिवाय काढू नये, असे सांगतात ते याचसाठी.

आजच्या एसएसडीत चकती नाही आणि शीर्षही नाही, त्यामुळे अंतराचा प्रश्न उरत नाही. पण काम क्षमतेपेक्षा अधिक आले की तेथेही रांग लागतेच.

आता कागद-पेन्सिल घ्या. वरील उदाहरणात शीर्ष ७० व्या मार्गावर असते, तर आधी वर जाणे फायद्याचे की खाली? दोन्ही अंतरे काढून पडताळा पाहा.