पाच वर्षांची मुंबई, पन्नास वर्षांचं लाहोर

मराठी रसिकाला नूरजहाँ भेटते ती बहुधा लता मंगेशकरांच्या आठवणींतून. ‘बड़ी माँ’चं चित्रीकरण, मास्टर विनायकांनी कंपनीतल्या एका पोरसवदा मुलीला पुढं करून तिला गायला लावणं, तिनं जयजयवंती ऐकवणं आणि त्या वेळच्या सर्वांत मोठ्या गायिका-अभिनेत्रीनं तिला रियाज सोडू नकोस, नाव काढशील, असं सांगणं. मग फाळणी झाली, एक पाकिस्तानात गेली, दुसरीचं युग सुरू झालं. गोष्ट आपण इथंच संपवतो. पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: नूरजहाँ इथंच राहिली असती तर?

या प्रश्नावर चर्चा भरपूर झाली. पण तिच्या साठेक वर्षांच्या कारकिर्दीतली जेमतेम पाच वर्षं मुंबईची होती. आपण तिला त्या पाच वर्षांवरून मोजतो आणि उरलेल्या काळाला ‘पाकिस्तानात गेली’ या दोन शब्दांत गुंडाळतो. त्या दोन शब्दांत नेमकं काय झालं, त्याचा हा मागोवा.

सुरुवात कसूरची. लाहोरपासून फार लांब नसलेलं हे गाव बुल्लेशाहचं आणि बडे गुलाम अली खाँचंही. तिथल्या गाण्याबजावण्यावर पोट असलेल्या एका घरात २१ सप्टेंबर १९२६ रोजी अल्लाह वसाई जन्मली. पाच-सहा वर्षांची असतानाच ती गाऊ लागली. गुलाम मोहम्मद खाँ या उस्तादांची तालीम मिळाली. नाटक-सिनेमाचा पैसा तेव्हा कलकत्त्यात होता, म्हणून बहिणींसोबत तीही तिकडं गेली आणि ‘बेबी नूरजहाँ’ झाली. के. डी. मेहरांच्या पंजाबी बोलपटांतून तिची पावलं पडद्यावर उमटली.

खरी उडी मात्र लाहोरला परतल्यावर. दलसुख पांचोलींची कंपनी आणि मास्टर गुलाम हैदर यांची चाल, या दोहोंनी तिला घडवलं. पंजाबी लोकगीतातला ठेका, ढोलकचा दणका आणि त्यावर मोकळा लागलेला तरुण गळा हे १९३९ च्या ‘गुल बकावली’त पहिल्यांदा एकत्र आलं. १९४२ मध्ये शौकत हुसैन रिझवी यांच्या ‘खानदान’मध्ये ती नायिका झाली. नायक होते प्राण. पुढं खलनायक म्हणून गाजलेले तेच प्राण. नायिका एवढी लहानखुरी की जवळून घ्यायच्या दृश्यात तिला विटांवर उभं करावं लागे. सिनेमा तुफान चालला. नूरजहाँ आणि रिझवी यांचं लग्न झालं आणि दोघं मुंबईत आली.

मुंबईतल्या नूरजहाँचं सर्वांत जिवंत चित्र सआदत हसन मंटोनं काढून ठेवलं आहे. गाणाऱ्यानं गळा जपावा, आंबट-तेलकट वर्ज्य करावं, हा सगळ्या उस्तादांचा दंडक. मंटोला दिसली ती रेकॉर्डिंगच्या आधी तेलातलं लोणचं चापून खाणारी, वर बर्फाचं पाणी पिऊन माइकसमोर उभी राहणारी बाई. मंटो कौतुक करताना ओरखडेही काढतो. त्याला तिचे नखरे दिसत होते आणि त्यामागचा कष्टाचा गळाही.

‘नौकर’, ‘दोस्त’, ‘लाल हवेली’, ‘गाँव की गोरी’, ‘ज़ीनत’ असे चित्रपट भराभर आले. १९४५ च्या ‘ज़ीनत’मधली बायकांची कव्वाली हा तेव्हाचा मोठा चमत्कार होता. कव्वाली पुरुषांनी गायची ही रीत मोडून नूरजहाँ, जोहराबाई अंबालेवाली आणि कल्याणी एकत्र बसल्या. पडद्यावर त्या घोळक्यात सोलापूरची एक मुलगीही होती. वडिलांचा धंदा बुडाल्यामुळं काम शोधत स्टुडिओंचे उंबरे झिजवणारी शशिकला जवळकर. नूरजहाँनं तिला पाहिलं, रिझवींनी कव्वालीत बसवलं आणि पंचवीस रुपये हातावर ठेवले. हिंदी पडद्यावरच्या शशिकलाबाईंच्या दीर्घ वाटचालीचा पहिला मेहनताना तो.

‘बड़ी माँ’ही त्याच वर्षीचा. संगीत के. दत्ता, म्हणजे आपले दत्ता कोरगावकर. नूरजहाँच्या गळ्याची नेमकी ताकद त्यांना कळली होती आणि त्यांच्या चालींत ती उतरलेली आहे. १९४६ मध्ये मेहबूब खान यांचा ‘अनमोल घड़ी’ आला. नायिका दोन, नूरजहाँ आणि सुरैया, समोर सुरेंद्र. तिघंही स्वतःची गाणी स्वतः गाणारी, आणि संगीत नौशादांचं. ‘आवाज़ दे कहाँ है’ हे त्यातलं द्वंद्वगीत आज ऐकावं तेही तिच्या गायकीसाठीच. पहाडीच्या अंगानं जाणारी संथ चाल. ताना नाहीत, करामती नाहीत. शब्द उचलताना ती किंचित श्वास सोडते, ओळीच्या शेवटी स्वर कापत नाही, तर ओसरू देते. हाक मारणारं माणूस उत्तरासाठी थांबतं, तेवढीच ती प्रत्येक ओळीनंतर थांबते. हे गाणं होतं आणि त्याच वेळी अभिनयही. चेहरा झाकून नुसतं ऐकलं तरी प्रसंग कळतो, ही तिची खासियत.

१९४७ च्या ‘जुगनू’त दिलीपकुमार नायक होते. दिग्दर्शक रिझवी, संगीत फिरोज निझामींचं. मोहम्मद रफींबरोबरचं त्यातलं द्वंद्वगीत रफींच्या उमेदवारीच्या काळातला मोठा टप्पा ठरला. चित्रपट त्या साली खूप चालला. आणि ऐन भरात असताना नूरजहाँनं कुटुंबासह मुंबई सोडली.

इथून पुढची गोष्ट आपल्याकडं फारशी सांगितली जात नाही.

लाहोरचा चित्रधंदा फाळणीत उद्ध्वस्त झाला होता. पांचोलींसह बरेच हिंदू-शीख निर्माते, तंत्रज्ञ आणि भांडवल भारतात आलं होतं. रूप के. शोरी यांचा दंगलीत होरपळलेला स्टुडिओ रिझवी-नूरजहाँ दांपत्याच्या वाट्याला आला. त्याचं नाव पडलं शाहनूर. तिकडं शोरी मुंबईत येऊन ‘एक थी लड़की’ काढत होते, इकडं हे दोघं जळक्या भिंती उभ्या करत होते. तिथून १९५१ मध्ये ‘चन वे’ हा पंजाबी चित्रपट बाहेर पडला. दिग्दर्शक म्हणून नाव नूरजहाँचं. पाकिस्तानातली ती पहिली स्त्री दिग्दर्शक. प्रत्यक्षात दिग्दर्शन मीच केलं, असं रिझवी पुढं सांगत राहिले. तो वाद बाजूला ठेवला तरी तिच्या पुनरागमनाला झालेली गर्दी तिच्याच नावावर होती. पुढच्या वर्षी ‘दुपट्टा’ आला. पुन्हा संगीत फिरोज निझामींचं. हा चित्रपट भारतातही आला आणि तिची गाणी सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना वाजली.

तोवर मुंबईत काय बदललं होतं? ज्या गुलाम हैदरांनी नूरजहाँला उभं केलं, त्यांनीच १९४८ च्या ‘मजबूर’मध्ये लताला मोठी संधी दिली होती. आवाज फार पातळ आहे म्हणणाऱ्यांशी ते भांडले होते. मग तेही लाहोरला गेले, ‘गुलनार’ला संगीत दिलं आणि १९५३ मध्ये वारले. ‘गुलनार’ची नायिका नूरजहाँ. एकाच संगीतकाराच्या हातून दोन देशांच्या दोन स्वरसम्राज्ञी घडाव्यात, याला दुसरं उदाहरण सापडणं कठीण.

मुंबईत त्या वर्षांत पार्श्वगायनाची पद्धत पक्की होत गेली. चेहरा एकीचा, गळा दुसरीचा. सुरैया ही गाणाऱ्या नायिकांच्या पिढीतली शेवटची मोठी. ‘अनारकली’च्या कथेवर दोन्हीकडं चित्रपट निघाले, त्यांची तुलना यासाठी फार बोलकी आहे. मुंबईच्या १९५३ च्या ‘अनारकली’त पडद्यावर बीना राय होती, गळा लताचा, चाली सी. रामचंद्रांच्या. लाहोरच्या १९५८ च्या ‘अनारकली’त पडद्यावरही नूरजहाँ आणि गळाही नूरजहाँचाच. मुंबईत मोडीत निघालेला गाणाऱ्या नायिकेचा पेशा तिनं एकटीनं लाहोरमध्ये आणखी दहा-बारा वर्षं चालवून दाखवला. ‘इंतज़ार’ आणि ‘कोयल’ हे ख्वाजा खुर्शीद अन्वर यांच्या संगीतातले चित्रपट त्या काळाचा कळस. ‘ती इथं राहिली असती तर’ म्हणणाऱ्यांनी हाही हिशेब करावा: मुंबईत राहून तिला इतकी वर्षं दोन्ही भूमिका करता आल्या असत्या का?

या काळाची घरगुती किंमत मात्र जबर होती. रिझवींशी संसार मोडला. कज्जे झाले. लेक झिल-ए-हुमाचा ताबा मिळावा म्हणून तिनं शाहनूर स्टुडिओतल्या आपल्या हिश्श्यावर पाणी सोडलं. १९५९ मध्ये तिनं वयानं लहान असलेल्या एजाझ दुर्रानी या नटाशी लग्न केलं. बायकोनं पडद्यावर दिसू नये असं त्याला वाटत होतं. मुलं सहा, वय पस्तिशीकडं झुकलेलं, नायिकेच्या भूमिका आटत चाललेल्या. १९६१ चा ‘ग़ालिब’ हा नायिका म्हणून तिचा शेवटचा चित्रपट ठरला. वीस वर्षं स्वतःच्या चेहऱ्यासाठी गाणारी बाई आता दुसऱ्यांच्या चेहऱ्यांसाठी गाऊ लागली.

अभिनय सुटला नाही, तो नुसता गळ्यात मुक्कामाला गेला. १९६२ च्या ‘क़ैदी’मध्ये रशीद अत्रे यांनी फैज अहमद फैज यांची ‘मुझसे पहली सी मोहब्बत’ ही नज़्म तिच्याकडून गाऊन घेतली. प्रियकर प्रेयसीला सांगतो आहे की जगात प्रेमापलीकडचीही दुःखं आहेत, अशी ती कविता. बाईच्या गळ्यातून ती ऐकताना तिचा रोखच बदलतो. तक्रार जाऊन कबुली येते. पुढं मुशायऱ्यात या नज़्मची फर्माईश झाली की ती आता माझी राहिली नाही, नूरजहाँची झाली, असं फैज म्हणत, ही आठवण उर्दूच्या वर्तुळात अजून सांगितली जाते.

१९६५ चं युद्ध हा भारतीय वाचकाला अवघड जाणारा टप्पा. त्या सप्टेंबरात ती रेडिओ पाकिस्तानच्या लाहोर केंद्रात जाऊन बसली आणि सैनिकांसाठी एकामागून एक गाणी ध्वनिमुद्रित केली. ‘मलिका-ए-तरन्नुम’ तिला आधीपासून म्हणत होते. या गाण्यांनी ती पाकिस्तानी घराघरांतली झाली. ती आपल्या विरुद्ध बाजूची गाणी होती, हे खरंच. पण दोनच वर्षांपूर्वी चीन युद्धातल्या शहिदांसाठी लतानं गायलेल्या गाण्यानं इथं जे केलं, तेच नूरजहाँच्या गाण्यांनी तिथं केलं. दोघींचा देश आपापल्या गळ्यात होता.

युद्धानंतर पाकिस्तानात भारतीय चित्रपटांना पूर्ण बंदी आली. १९७० चा ‘हीर रांझा’ हा त्यानंतरचा शिखरबिंदू. संगीत पुन्हा खुर्शीद अन्वर यांचं. पडद्यावरची हीर फिरदौस, रांझा एजाझ. स्वतःच्या नवऱ्याच्या नायिकेला गळा देत तिनं पंजाबी लोककथा उभी केली. हा संसारही पुढं टिकला नाही.

आणि मग उतार. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तान गेला, बाजारपेठ आक्रसली, उर्दू चित्रपट मागं पडला, पंजाबी मारधाडपट पुढं आला. सुलतान राही गंडासा परजून उभा राही आणि त्याच्यासमोर नाचणाऱ्या नायिकेचा गळा नूरजहाँचा असे. ऐंशीच्या दशकात ती लाहोरच्या स्टुडिओंत एकेका दिवशी अनेक गाणी उरकत होती. त्यांतली बरीच भडक, काही सरळ उथळ. ‘इंतज़ार’ गाणाऱ्या बाईनं ही का गायली, असं तिचे चाहते हळहळून विचारत. याचं उत्तर साधं आहे: तो तिचा चरितार्थ होता, आणि धंद्यात दुसरा एवढ्या ताकदीचा गळा नव्हता. घसरणीला लागलेला चित्रधंदा ती ओढत होती. मात्र टीव्हीवर गज़ल गायला बसली की तीच बाई नासिर काज़मींचा शेर हलक्या हातानं उलगडून दाखवायची. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीनं दुसरी पुसली जात नाही.

फेब्रुवारी १९८२ मध्ये, भारतीय बोलपटाच्या पन्नाशीनिमित्त, ती पस्तीस वर्षांनी मुंबईत आली. षण्मुखानंद सभागृहात जुने सहकारी जमले. स्वागताला दिलीपकुमार होते, चाल नौशादांची, आणि तिनं ‘आवाज़ दे कहाँ है’ म्हटलं. आवाज जाडावला होता, दम पूर्वीचा नव्हता. लोक रडले ते मुख्यतः स्वतःच्या तरुणपणासाठी. मुंबईला तिच्याकडून तेव्हाही १९४६ च हवं होतं. मधल्या पस्तीस वर्षांत तिनं काय गायलं, हे त्या संध्याकाळी फारसं कुणी विचारलं नसावं.

पुढं हृदयविकारानं तिला गाठलं. १९९६ च्या ‘सखी बादशाह’ या पंजाबी चित्रपटात ती शेवटची गायली आणि २३ डिसेंबर २००० रोजी, रमज़ानच्या सत्ताविसाव्या रात्री, कराचीत वारली.

लताच्या आधीची पायरी, ही आपण तिला दिलेली जागा मानाची आहे, पण अपुरी आहे. लतानं पार्श्वगायनाला निर्मळ, निराकार आवाज दिला; तो कुठल्याही नायिकेला शोभला. नूरजहाँनं उलटा रस्ता धरला. ती कुणासाठीही गायली तरी नूरजहाँच राहिली, शरीरासकट, नखऱ्यासकट, थकव्यासकट. पहिली शैली भारतीय चित्रपटाचा मापदंड ठरली, दुसरी पाकिस्तानच्या मैफलींत आणि टीव्हीवर मुरली. आपण पहिलीत वाढलो, म्हणून दुसरी आपल्याला ‘आधीची’ वाटते. तिला तिच्याच मापानं जोखायचं तर ‘अनमोल घड़ी’पासून सुरुवात करावी, पण तिथं थांबू नये. ‘इंतज़ार’, ‘क़ैदी’ आणि ‘हीर रांझा’ या क्रमानं पुढं जावं. मग मुंबईची पाच वर्षं तिच्या कारकिर्दीचा उमेदीचा काळ वाटू लागतात, आणि कळस लाहोरमध्ये सापडतो.