नोंदवाचनाची खूण कोणाच्या हातीं?

एका पोथीचे वाचक दोन आणि खूण मात्र एकच असेल, तर एकानें ती हलवितांच दुसऱ्याची जागा हरवते. संगणकांतील नोंदसंग्रहाचीहि गत अशीच होते. १९८६ सालीं बर्कलेच्या युनिक्समध्यें आलेल्या ‘एनडीबीएम’ या सी भाषेंतील साधनांत पहिल्या व पुढच्या नोंदीची किल्ली मागण्याची सोय आहे. परंतु वाचन कोठवर आलें ही खूण उघडलेल्या संग्रहांतच राहते. त्यामुळें त्याचीं दोन वाचनें एकदम चालविल्यास तीं एकमेकांत मिसळतात. शिवाय नोंदी संपोत वा बिघाड होवो, हातीं येतो तो रिकामा पॉइंटरच. बिघाडाची निराळी चौकशी न केल्यास अर्धवट वाचलेली खतावणी पूर्ण समजली जाते.

यावर उपाय असा : प्रत्येक वाचनास स्वतंत्र खूण द्यावी. ती उघडणें, पुढें नेणें व मिटणें एवढ्याच क्रिया बाहेर दिसाव्या. अंतर्रचना झांकलेली असावी. मग संग्रह फाइलींत असो वा स्मृतींत, वाचणारा प्रोग्रॅम बदलावा लागत नाहीं. तसेंच ‘नोंद मिळाली’, ‘नोंदी संपल्या’ आणि ‘बिघाड झाला’ हीं उत्तरें निरनिराळीं असावीं. त्यावांचून कोणत्याहि बेरजेवर भरंवसा ठेवतां येत नाहीं.