टाच न टेकणारे मूल आणि शस्त्रक्रियेची वेळ

गेवराई तालुक्यातील एखाद्या शाळेत चवड्यांवर चालणारे, चालताना गुडघ्यास गुडघा घासणारे मूल आढळते. त्यास पोलिओ झाला असावा, असा गावाचा समज असतो. तो बहुधा चुकीचा ठरतो. पोलिओने पाय लुळा पडतो. येथे तो ताठ असतो. ह्या विकारास मेंदूचा पक्षाघात म्हणतात. जन्माच्या आगेमागे मेंदूस इजा झाल्याने स्नायूंवरील ताबा बिघडतो. बुद्धी मात्र कित्येकदा शाबूत असते.

मेंदूची इजा वाढत नाही. तरीही पहिलीत बरे चालणारे मूल चौथीत अडखळू लागते. हाडे वाढतात, परंतु आखडलेले स्नायू त्या प्रमाणात लांबत नाहीत, हे त्याचे कारण होय. शस्त्रक्रिया होते ती ह्या परिणामांवर. टाचेमागील वा गुडघ्यामागील कंडरा लांब करतात, पिळलेले हाड नीट बसवितात. पूर्वी दरवर्षी एकेक भाग हाती घेत. आता सर्व दुरुस्त्या शक्यतो एकदाच, मूल सहा-सात वर्षांचे झाल्यावर करण्याकडे कल आहे. फार लवकर लांबविलेली कंडरा वाढीबरोबर पुन्हा आखडते. प्रमाणाबाहेर लांबविल्यास मूल गुडघे वाकवून चालते. खुबा निसटत असेल तर मात्र वयाची वाट पाहता येत नाही. मुळीच उभे न राहणारे मूल शस्त्रक्रियेने धावू लागेल, असे वचन कोणी दिल्यास पालकांनी सावध असावे.

शस्त्रक्रियेनंतर काही महिने मूल पूर्वीपेक्षा अशक्त दिसते. प्लॅस्टर निघाल्यावर नित्य व्यायाम घडला तरच लाभ होतो, व तो पुरता दिसण्यास वर्षभर लागते. येथेच आपल्या तालुक्याची अडचण आहे. मुकादमाकडून उचल घेतलेले कुटुंब दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघते. कोपीवर व्यायाम कोण घेणार? म्हणून जाण्याचा महिना पालकांनी डॉक्टरांस आधीच सांगावा, असे शिक्षकाने सुचवावे. कुटुंब उन्हाळ्यात परतताच शस्त्रक्रिया झाल्यास व्यायामास पावसाळा मिळतो. पुढील हंगामात मूल आजीजवळ राहील की हंगामी वसतिगृहात, हेही तेव्हाच ठरवावे.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येते. नेमके त्या दिवशी असे मूल घरी असते. त्यास आदल्या दिवशी निरोप धाडावा. पथक बीडच्या जिल्हा रुग्णालयात पाठविण्याची शिफारस करू शकते. मूल परतल्यावर वर्गात त्याचे लोंबकळणारे पाय टेकतील अशी फळी बाकाखाली ठेवावी आणि डॉक्टरांनी दिलेले बूट शाळेतही पायांत आहेत ना, हे रोज पाहावे.