टाळू शिवली, आता 'बाबा' म्हणता येईल?

बाळाचे ओठ व्यवस्थित, रडणंही खणखणीत. पण दूध पाजलं की नाकातून बाहेर येतं. अशा वेळी डॉक्टरांनी टॉर्च लावून तोंडात पाहिलं, की जिभेच्या वरच्या छताला, म्हणजे टाळूला, फट दिसते. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत टाळूचे दोन भाग मध्यभागी जुळतात. ते जुळले नाहीत, तर टाळू दुभंगलेली राहते. आईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं होत नाही.

फट शिवली की काम झालं, असं पालकांना वाटतं. खरी परीक्षा वर्णमालेत असते. 'प, फ, ब, भ' म्हणताना मऊ टाळू उचलली जाऊन नाकाची वाट बंद करते. 'म' म्हणताना ती वाट उघडी राहते. टाळू नीट उचलली गेली नाही, तर हवा नाकातून निसटते आणि 'बाबा'चं 'मामा', 'दादा'चं 'नाना' ऐकू येतं.

शस्त्रक्रियेच्या पद्धती बदलत गेल्या त्या यामुळेच. १८६१मध्ये बर्लिनच्या लांगेनबेक यांनी हिरड्यांलगत छेद देऊन दोन्ही बाजूंचं अस्तर मध्यभागी सरकवलं. फट बुजली, पण टाळूची लांबी वाढली नाही. पुढे टाळू मागे सरकवून लांब करण्याची पद्धत आली. त्यात पुढचं हाड उघडं राहत असल्याने वरच्या जबड्याची वाढ खुंटण्याची भीती असते. अमेरिकेच्या फर्लो यांनी १९८६मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत तोंडाकडच्या आणि नाकाकडच्या अस्तरावर एकमेकांविरुद्ध दिशेचे 'झेड' आकाराचे छेद घेतात. त्यामुळे टाळू लांबते आणि स्नायूही योग्य दिशेला वळतात. ब्रिटनच्या समरलाड यांनी सूक्ष्मदर्शकाखाली हे स्नायू हाडाच्या कडेपासून सोडवून मागे आडवे जोडण्यावर भर दिला. फट किती रुंद आहे, ते पाहून सर्जन पद्धत निवडतात.

वयही महत्त्वाचं. आपल्याकडे ही शस्त्रक्रिया साधारण नऊ महिने ते दीड वर्ष या काळात होते. केवळ टाळू दुभंगलेल्या ५५८ बाळांचा एक अभ्यास २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. पाचव्या वर्षी तपासणी झालेल्या मुलांपैकी, सहाव्या महिन्यात शस्त्रक्रिया झालेल्या गटात ८.९ टक्के मुलांची टाळू बोलताना अपुरी पडत होती. बाराव्या महिन्याच्या गटात हे प्रमाण १५ टक्के होतं. अर्थात, बाळाचं वजन, रक्त आणि भूल देण्याची सोय पाहूनच वेळ ठरते. तोवर बाळाला उभं धरून, चमच्याने किंवा बोंडल्याने थोडं थोडं दूध पाजावं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३पासून या व्यंगाची तपासणी आणि पुढील उपचारांची सोय आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या पालकांनी आशा किंवा अंगणवाडी सेविकेकडे, कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज किंवा कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात चौकशी करावी.

टाके विरघळले तरी उपचार संपत नाहीत. अशा मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साचतं, म्हणून ऐकण्याची तपासणी लागते. काही मुलांना महिनोन्‌महिने वाचाउपचारही लागतात. लोकलच्या गर्दीत मूल कडेवर घेऊन दर आठवड्याला जाणं सोपं नाही. पण नेमक्या याच फेऱ्या चुकवू नयेत. शिवलेल्या टाळूला उच्चारांची सवय तिथेच लागते.